विचारलं तेव्हा "असंच" म्हणालो. साक्ष द्यायची राहिली का?

रोजमेळ
जय ख्रिस्त, नमस्कार. वाचक जुना आहे, लिहितोय पहिल्यांदाच.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघतो. आमच्याकडे अशा माणसाला मेहताजी म्हणतात. कामगारांची मजुरी नगावर असते. डाग पडला, धागा सुटला, काठ वाकडा आला की नग 'सेकंड' म्हणून बाजूला जातो आणि त्याची मजुरी कापतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, खराब माल खराबच. पण मागच्या महिन्यात माल बाहेर जाताना गाठींची यादी आणि सेकंडची वही माझ्यासमोर शेजारी शेजारी उघडी होती. एका कामगाराचे सेकंडला टाकलेले नग चांगल्या मालाच्या गाठीत गेलेले दिसले. म्हणजे विकताना चांगले आणि मजुरी देताना खराब. 540 रुपये कापले गेले होते. पुढच्या हिशेबात मी ते परत धरले.

पगार घेतल्यावर तो माणूस माझ्या टेबलापाशी आला. पन्नाशीचा आहे, घरी तेलुगू बोलतात, बायको विड्या वळते. हळू आवाजात म्हणाला, "मेहताजी, हे का केलाव ओ तुम्ही?"

मी वही मिटली आणि म्हणालो, "असंच."

तो गेला. रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, या आठवड्यात किती जणांनी साक्ष दिली, म्हणजे कुणाला प्रभूविषयी सांगितलं? काही हात वर झाले. मी खाली बघत बसलो. मी ते का केलं हे मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या रात्री प्रार्थनेला बसलो तर डोळ्यांसमोर ती वहीच येत होती. दुसरं काही बोलताच येईना. म्हणजे केलं ते प्रभूला भिऊन, आणि कारण विचारलं तर त्याचं नाव ओठावर आलं नाही. ती भीती होती की भीड, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही नोकरीत, शेजारात, बाजारात साक्ष कशी देता? मनापासून विचारतोय.

सातरस्ता
540 रुपये परत गेले. हीच साक्ष. आणखी काय पाहिजे?

शब्बाथशाळा
दादा, तुमच्या कामाबद्दल देवाची स्तुती असो. पण सातरस्ता म्हणतात तितकं ते सरळ नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात सांगितलंय, तुमच्या आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. 'जो विचारील त्याला' हे शब्द महत्त्वाचे. आपण एरवी न विचारणाऱ्यांच्या मागे पत्रकं घेऊन लागतो. इथे एक माणूस आपल्या पायाने टेबलापाशी आला आणि त्याने 'का' विचारलं. वीस वर्षं मुलांना शास्त्र शिकवतेय, इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

शिवाय "असंच" म्हटल्यावर काय होतं बघा. तो घरी जाऊन बायकोला सांगणार, आमचे मेहताजी फार भले. कौतुक तुमच्यापाशी येऊन थांबलं. तुम्हाला वाटतं आपण नम्रपणे गप्प बसलो, आणि श्रेय मात्र आपल्याच खिशात राहिलं. टोचेल असं लिहिलंय, पण मला तसंच वाटतं.

होटगीरोड
ताई, मग येशूचं डोंगरावरचं प्रवचन कुठे गेलं? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. मत्तय सहावा अध्याय, अगदी सुरुवातीला.

शब्बाथशाळा
आणि त्याच्या एकच पान आधी, पाचव्यात, तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, त्यांनी तुमची चांगली कामं बघून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. बोलणारा तोच, ऐकणारे तेच. लपवायचं की दाखवायचं हा तिथे प्रश्नच नाही. गौरव कुणाचं होतं, एवढंच बघायचं. दान देताना कर्णा वाजवणाऱ्याला स्वतःचं हवं असतं.

निरीश्वर
मी देव मानत नाही, तरी या धाग्यावर लिहितोय, चालत असेल तर ठेवा.

त्या कामगाराच्या जागी मी असतो तर "असंच" हे उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं असतं. पैसे माझेच होते, मला परत मिळाले. त्यासोबत कुणाच्या देवाचं नाव ऐकायला लागणं म्हणजे हक्काच्या पैशाला उपकाराचा शिक्का. "प्रभूमुळे केलं" म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवसापासून विचार करत बसलो असतो, आता हा मला रविवारी चर्चला बोलावणार का?

होटगीरोड
निरीश्वर, राहा इथे. तुमचा हा मुद्दा आमच्या मंडळीत कुणी बोलून दाखवत नाही.

नाईटड्युटी
मी बावीस वर्षं नर्स आहे. निरीश्वर यांनी लिहिलंय त्याची दुसरी बाजू मी रोज बघते, म्हणून जरा लांबण लावते.

2021 मध्ये दुसऱ्या लाटेत रात्रपाळीत ऑक्सिजनवरच्या पेशंटजवळ उभी राहिले की मोठ्याने प्रार्थना करावी असं फार वाटायचं. नातेवाईक आत येऊ शकत नव्हते, त्या माणसाला आपला आवाज तरी मिळेल. मी कधी केली नाही. मनात केली, सलाईनची बाटली बदलताना केली, ओठ मिटून. कारण खाटेवर पडलेला माणूस 'नको' म्हणू शकत नाही. त्याला वाटणार, सिस्टरला दुखावलं तर हाक मारल्यावर ती उशिरा येईल. ज्याला 'नको' म्हणायची सोय नाही त्याच्यापुढे साक्ष देऊ नये, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. आमच्या मंडळीतल्या काहींना ते पटत नाही. ते म्हणतात, माणूस मरणाच्या दारात असताना तू गप्प कशी बसतेस? त्यांचा कळवळा खरा आहे. पण खाटेच्या उशाशी उभं राहिलं की मला माझंच बरोबर वाटतं.

एकदाच वेगळं घडलं. पीपीईत आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो, म्हणून छातीवर पेनाने नाव लिहायचो. पहाटे साडेतीनला एका बाईंनी माझं नाव वाचलं आणि मास्क थोडा वर करून म्हणाल्या, "तुम्ही ख्रिस्ती ना? तुमच्या देवाजवळ माझ्यासाठी बोला." मी त्यांचा हात धरला आणि दोन ओळी बोलले, साध्या मराठीत, आईशी बोलावं तशा. त्या वाचल्या की नाही ते इथे मुद्दाम लिहीत नाही. वाचल्या असं लिहिलं तर कुणी तो चमत्कार धरेल, नाही वाचल्या असं लिहिलं तर प्रार्थना वाया गेली असं धरेल.

आता रोजमेळदादांचं. तुम्ही त्यांचे पैसे आधीच दिले होते. प्रश्न त्यांनी नंतर विचारला. ते तुमच्यावर अवलंबून नव्हते, उठून जाऊ शकत होते. म्हणून तिथे बोलायला हरकत नव्हती असं मला वाटतं. शब्बाथशाळाताईंशी मी सहमत आहे, पण कारण माझं वेगळं आहे.

आणि साक्ष तोंडी देण्याच्या आधीची एक गोष्ट. मी पूर्वी जिथे नोकरीला होते तिथे बाळ झालं की बक्षिसी मागायची पद्धत होती. मुलगा झाला तर जास्त. मी घेत नव्हते. त्यामुळे बाकीच्या वर्षभर माझ्याशी नीट बोलत नव्हत्या. तिथे मी येशूचं नाव एकदाही घेतलं नाही, तरी सगळ्यांना ठाऊक होतं मी का घेत नाही. ते वर्ष मला जड गेलं. दुपारचा डबा एकटीने खायचे.

विजापूरवेस
नाईटड्युटी ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मी हिंदू आहे. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही चाळीत राहत होतो. शेजारी एक ख्रिस्ती मावशी. नळ सगळ्यांचा मिळून एकच, आणि सोलापूरचं पाणी काय सांगू, तीन-चार दिवसांनी एकदा यायचं आणि तेही अवेळी. नळावर घागरींची भांडणं रोजचीच. मावशींची घागर नेहमी शेवटी. कधी कधी पाणी जायचं आणि त्यांची अर्धीच भरायची. मला वाटायचं बाई घाबरट आहेत. एकदा मी विचारलं, "मावशी, तुम्ही पुढं का लावत नाही?" त्या म्हणाल्या, "आमच्यात असं शिकवलंय बाई." बस. घागर उचलली आणि गेल्या.

मला त्यांनी कधी पुस्तक दिलं नाही, चर्चला बोलावलं नाही. बुधवारी त्यांच्या घरात पेटीवर गाणी चालायची, दार उघडं असायचं. मी दारात बसून ऐकायचे, कधी मटार सोलत, कधी नुसतीच. आज त्या नाहीत. माझा धर्म मी बदलला नाही, बदलायचा नाही. पण आता सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तेव्हा मी माझी पाळी सोडते, आणि सोडताना दर वेळी मावशींचं तोंड आठवतं.

मेहताजींनी "असंच" ऐवजी "आमच्यात असं शिकवलंय" म्हटलं असतं तर मला आवडलं असतं.

सातरस्ता
"आमच्यात असं शिकवलंय." ताई, हे लिहून ठेवतोय. माझं पहिलं उत्तर घाईचं होतं.

कडकभाकरी
थोडं विषयाला सोडून. रोजमेळ, तुमच्या कारखान्यात खंडेनवमीला मागांची पूजा होत असेल. तुम्ही काय करता? मला दर वर्षी हा पेच पडतो. मी गॅरेजमध्ये आहे, पान्यांना झेंडू घालतात, नारळ फुटतो, मालक प्रसाद हातावर ठेवतात. घ्यायचा की नाही? आमच्या घरात दोन मतं. आई घेत नाही, बाबा घेतात. दसऱ्याला दोघांचं यावरून ठरलेलं भांडण, आणि भांडण मिटतं ते शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर. :)

होटगीरोड
मी मशीन पुसून लखलखीत करून देतो, हार ओवतो, सगळ्यांना चहा आणतो. हात जोडायच्या वेळी बाजूला उभा राहतो. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी काही म्हणत नाही. प्रसाद घेतो. खोबरं ते खोबरं.

शब्बाथशाळा
पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात यावरच लिहिलंय, आठव्या आणि दहाव्या अध्यायात. पुढ्यात वाढलं ते न विचारता खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मी घेत नाही. पण "नको" म्हणताना आधी नमस्कार करते आणि कारण सांगते, हात झटकत नाही. आमच्या एका नातेवाइकाने प्रसादाचा हात मागे ढकलला होता. त्या घराशी आमचे संबंध सात वर्षं तुटले. ती कसली साक्ष?

बार्शीलाईट
नामान सेनापती आठवा, बायबलमधलं 'दुसरे राजे' हे पुस्तक, पाचवा अध्याय. कुष्ठ बरं झाल्यावर त्याने अलीशा संदेष्ट्याला विचारलं, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, याची क्षमा होईल ना? संदेष्ट्याने त्याला लांबलचक नियम दिले नाहीत. "शांतीने जा" म्हणाला. नोकरी करणाऱ्या माणसाने हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचावा. मी चाळीस वर्षं रेल्वेत काढली, मला फार उपयोगी पडला.

आता मूळ प्रश्नावर. केडगाव स्टेशन तुम्ही सगळ्यांनी पुण्याला जाताना गाडीतून पाहिलंय. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंनी (1858–1922) 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून जगवल्या. त्याच्या आधीची गोष्ट सांगतो. पुण्यात विधवांसाठीचं शारदा सदन चालवताना त्या आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि मुली आपणहून येऊन बसायच्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही. रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांचं म्हणणं, लहान निराश्रित मुलींवर याचा परिणाम होतोच. 1893 मध्ये ते सल्लागार मंडळातून बाहेर पडले. नाईटड्युटी यांनी खाटेबद्दल जे लिहिलंय तोच हा वाद, सव्वाशे वर्षांहून जुना. मी रमाबाईंना फार मानतो. तरीही रानड्यांना पडलेला प्रश्न खोटा होता असं मला म्हणता येत नाही. ज्याच्या छपराखाली मुलगी जेवते, त्याचं उघडं दार आणि विजापूरवेस यांच्या मावशींचं उघडं दार यात फरक आहे.

दुसरं उदाहरण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा सोबत नव्हत्या. पुढे एकत्र राहायला आल्या तरी आपलं सोवळं सांभाळून होत्या. टिळकांनी ते सांभाळू दिलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी झाला, आणि तोही स्वतःच्या मनाने, जातपात देवाने केलेली नाही हे त्यांचं त्यांना उमगल्यावर. इतका मोठा कवी आणि कीर्तनकार घरात, पण बायकोला पाच वर्षं वेळ दिला. मला वाटतं ती त्यांची सर्वांत अवघड साक्ष असणार, कारण टिळकांचा स्वभाव उतावळा होता.

निरीश्वर
बार्शीलाईट काका, रानड्यांची बाजू मांडलीत, धन्यवाद. ख्रिस्ती माणसाकडून ती अपेक्षा नव्हती, चूक माझी.

कागदावरचा
इथे नाव न सांगता लिहिता येतं म्हणून लिहितोय.

माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून घरात प्रभूभोजन, नाताळ, सगळं. पण शाळेच्या दाखल्यावर आम्ही हिंदू, आणि जात जुनीच. शिष्यवृत्ती त्यावर मिळाली, नोकरीही. रविवारी मी गायनात पहिल्या ओळीत उभा असतो. ऑफिसात कुणी विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन का?" तर मी विषय बदलतो. तुम्ही सगळे साक्ष कशी द्यायची यावर बोलताय. माझी साक्ष तर फाइलमध्ये उलटी लिहिलेली आहे. बोललो तर मुलांच्या तोंडचा घास जाईल. न बोललो तर रविवारी गाताना घसा दाटतो. पणजोबांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांनी धर्म बदलल्यावर काही आत घेतलं नव्हतं, हेही खरं आहे.

मला उपदेश नको. फक्त सांगायचं होतं.

नाईटड्युटी
दादा, वाचलं. आज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करीन. नाव माहीत नसलं तरी चालतं.

वकील_पार्कचौक
उपदेश नाही, फक्त कायदा, कारण बऱ्याच जणांना नेमकं ठाऊक नसतं. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आहे. सुरुवातीला फक्त हिंदू होते, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध जोडले गेले. ख्रिस्ती आणि मुस्लिम त्यात नाहीत. ही अट काढावी म्हणून वर्षानुवर्षं मागणी आहे, प्रकरणं न्यायालयात आहेत. म्हणून 'कागदावरचा' यांचा पेच एकट्याचा नाही, आणि केवळ त्यांच्या धैर्याचाही नाही. मात्र खोट्या माहितीवरचा दाखला अडचणीत आणू शकतो, तेव्हा एखाद्या जाणकाराला समोर बसून सगळं नीट सांगा. इथे आणखी तपशील टाकू नका.

दुसरं, साक्ष देण्याबद्दल. राज्यघटनेच्या 25 व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, प्रसार म्हणजे आपली श्रद्धा मांडणं, समोरच्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही. मेहताजींनी विचारल्यावर कारण सांगितलं असतं तर त्यात बेकायदा काहीच नव्हतं. भीती त्याची असेल तर ती काढून टाका.

संपादक
'कागदावरचा' यांच्या प्रतिसादावर जातीवरून आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा साक्षीवर आहे, तिथेच राहू द्या.

सातरस्ता
वातावरण जड झालंय म्हणून सांगतो. परवा आमच्या चौकात एक रिक्षा उलट्या दिशेने आली. मागे मोठ्या अक्षरांत "परमेश्वर माझा मेंढपाळ". ट्रॅफिक हवालदार म्हणाला, "मेंढपाळाला सांगा, मेंढरू राँग साइडला आलंय."

कडकभाकरी
हाहा. आमच्या पाळकसाहेबांना सांगतो, रविवारी उपयोगी पडेल.

होटगीरोड
बायबलमधल्या जकातदार जक्कयाचं नाव कुणी कसं काढलं नाही? तो तर तुमच्याच लाइनचा, रोजमेळ. हिशेबाचा माणूस, उंबराच्या झाडावर चढलेला. ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत. त्याने प्रवचन केलं नाही, हिशेब केला.

शब्बाथशाळा
पण उभा राहून सगळ्यांदेखत बोलला! लूक एकोणीस नीट वाचा. "प्रभुजी, पाहा" असं म्हणून त्याने आकडा सांगितला. मनातल्या मनात चौपट केलं नाही.

आणि दिव्याचं वचन वाचताना नेहमी एक गोष्ट माझ्या लक्षात येते. दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत. टोपलीखाली, घागरीखाली असं नाही, मापाखाली. धान्य मोजायचं माप. सोलापूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला ते बरोबर समजतं. आपल्या सगळ्यांचा दिवा बहुतेक करून मापाखालीच झाकला जातो. कुणाचं वजन, कुणाचं मीटर, कुणाचा सेकंडचा नग. रोजमेळदादांनी ते माप उचललं. मी सुरुवातीला त्यांना जे लिहिलं त्यात हे आधी म्हणायला हवं होतं.

विजापूरवेस
ताई, किती छान. आमच्या सिद्धरामेश्वरांचीही अशीच गोष्ट. बाराव्या शतकात नुसता उपदेश करत बसले नाहीत, लोकांना घेऊन तलाव खोदला. गड्ड्याच्या यात्रेत आम्ही नंदीध्वज बघायला जातो आणि तलाव बघायचा विसरतो.

होटगीरोड
एक प्रश्न रोजमेळ यांना, रागावू नका. 540 रुपये मालकाच्या खिशातून गेले. मालकांना ठाऊक आहे का? नसेल तर साक्ष अर्धीच. कामगारासाठी सरळ आणि मालकाच्या पाठीमागे, हे मला जमत नाही.

निरीश्वर
+1. हाच प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता.

रोजमेळ
दोन आठवडे लिहिलं नाही. सगळं वाचत होतो. 'कागदावरचा' दादा, तुमचं दोनदा वाचलं.

होटगीरोड, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. वहीत मी स्पष्ट लिहिलं होतं, "चुकीची कपात परत", आणि मालकांनी न वाचता सही केली होती. मी स्वतःला सांगत होतो, लपवलं कुठे? पण बोललोही नव्हतो. सोमवारी दोन्ही याद्या घेऊन केबिनमध्ये गेलो. पाय कापत होते, खरं सांगतो. दोन मुलं आहेत, घराचा हप्ता आहे.

मालक बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुला जुळवायला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, कुणी नाही. "आणखी किती जणांचं आहे?" तिघांचं सापडलं होतं, ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "यात तुला काय मिळतं?"

तिथे तोंडातून निघालं. मी ठरवून गेलो नव्हतो. म्हणालो, "मालक, रात्री प्रार्थनेला बसलो की ही वही पुढ्यात येते. आमच्यात शिकवलंय की खोट्या मापाचा परमेश्वराला वीट येतो. प्रभू येशूला मानतो, मग मला ती वही तशी मिटता येईना." आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. मालक सिद्धेश्वरांचे मोठे भक्त, केबिनमध्ये फोटो आहे. फोटोकडे बघून म्हणाले, "आमच्यात पण तेच हाय की रे." मग गप्प. 540 राहू दे म्हणाले. बाकी तिघांचं पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. बघतील की नाही, सांगता येत नाही. त्यानंतर माझ्याशी थोडं तुटक वागतात. सेकंडची वही आता माझ्याकडे न येता सुपरवायझरकडे राहते.

त्या कामगाराला टपरीवर चहाला गाठलं. म्हणालो, "त्या दिवशी असंच म्हणालो ते खरं नव्हतं. मी येशूच्या मागे चालणारा माणूस आहे, आणि तुमचे पैसे ठेवून मला त्याच्यापुढे बसता येत नव्हतं. म्हणून." त्याने ऐकलं. बशीतला चहा संपवला. "बरं," म्हणाला. मग विचारलं, नवीन बीम कधी चढणार, दोन दिवस माग बंद आहे. मी सांगितलं, गुरुवारी.

एवढंच झालं. शब्बाथशाळाताई, मला वाटलं होतं बोलल्यावर खूप हलकं वाटेल. हलकं मालकांच्या केबिनमध्ये वाटलं, टपरीवर नाही. टपरीवर फक्त एक उधारी फेडल्यासारखं वाटलं. आणि नाईटड्युटी ताई, बोलायच्या आधी मी मनात तपासलं, याला 'नको' म्हणून उठून जाता येईल का? येत होतं. म्हणून बोललो.

नाईटड्युटी
दादा, वही काढून घेतली त्याचा त्रास होतोय का?

रोजमेळ
होतोय. काल जेवण गेलं नाही.

विजापूरवेस
मेहताजी, त्या तिघांची नावं विसरू नका. पुढच्या महिन्यात मालकांना आठवण करा.

बार्शीलाईट
एक सुचवतो. नग सेकंडला टाकतानाच कामगाराला दाखवून वहीत त्याची सही किंवा अंगठा घ्यायची पद्धत पाडता येईल का? मग वही कुणाकडेही राहिली तरी हरकत नाही. रेल्वेत मालधक्क्यावर आम्ही हेच करायचो. तुटफूट असली की पार्टीसमोर लिहायची.

होटगीरोड
काका, हे मालकालाही परवडेल. वाद कमी होतात.

रोजमेळ
काका, चांगलं आहे. सुपरवायझर तेलुगू नीट वाचतो, नग कशात खराब आहे ते तेलुगूतही लिहिता येईल. सोमवारी आधी त्याच्याशी बोलतो, मग दोघं मिळून मालकांकडे जातो.